तरलेल्या वह्या आणि सैल वायर

मराठी मुलखात सगळ्यात भक्कम पुरावा असलेला चमत्कार कोणता, असं कुणी विचारलं तर मी देहूचं नाव घेईन. रेड्यामुखी वेद आणि चालती भिंत या कथा जास्त प्रसिद्ध आहेत, पण ज्ञानेश्वरांच्या स्वतःच्या लेखनात ना रेडा येतो, ना भिंत. इंद्रायणीत बुडवलेल्या आणि पुन्हा हाती आलेल्या तुकोबांच्या वह्यांचं तसं नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला एखाद्या घटनेबद्दल जे जे हवं असतं, त्यातलं बरंचसं इथे हाताशी आहे. चमत्काराला ऐतिहासिक पुरावा असतो का, आणि असला तरी विज्ञान तो पुरेसा का मानत नाही, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच केलेली बरी.

पहिले साक्षीदार खुद्द तुकोबा. ‘उदकीं राखिले कागद, चुकविला जनवाद’ असं ते देवाला उद्देशून म्हणतात. लोकांच्या बोलण्यासाठी तुला कष्ट दिले, तुझा अंत पाहिला, ही खंतही त्याच अभंगात आहे. तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणं धरल्याचा उल्लेखही त्यांच्याच अभंगांत सापडतो. दुसरे साक्षीदार रामेश्वरभट्ट. परंपरा सांगते की वह्या बुडवायला लावणारे हेच. पुढे तेच तुकोबांचे शिष्य झाले. त्यांच्या नावावरची तुकारामांची आरती वारकरी आजही रोज म्हणतात. राघवाने सागरात पाषाण तारले तसे तुकोबांचे अभंग उदकात रक्षिले, असं त्या आरतीत आहे. तिसऱ्या संत बहिणाबाई. त्यांचा जन्म 1628 चा. तुकोबांच्या हयातीतच त्या देहूला येऊन राहिल्या होत्या आणि स्वतःचं चरित्र त्यांनी अभंगांतून सांगून ठेवलंय. तेरा दिवस पाण्यात राहून वाचलेल्या वह्यांचा उल्लेख त्यांच्याकडेही आहे.

म्हणजे साक्ष घटनेच्या जवळची आहे, एकाहून जास्त तोंडांची आहे आणि त्यातलं एक तोंड आधी विरोधकाचं होतं. इतिहासाच्या वर्गात पुरावा तोलायला याच कसोट्या शिकवतात. येशूच्या पुनरुत्थानाबद्दल पाश्चात्त्य जगात जो जुना वाद आहे, त्यात श्रद्धावान अभ्यासक याच कसोट्या पुढे करतात. तिथला सगळ्यात जुना लेखी उल्लेख आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या पत्रातला, घटनेनंतर सुमारे वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेला. त्या मापाने देहूची बाजू उजवीच ठरेल, कारण इथे ज्याच्या वह्या तोच बोलतोय.

आता हाच पुरावा जरा उलटसुलट करून पाहू. तीन साक्षी आहेत, पण तिघं एकाच गोतावळ्यातले. बहिणाबाईंनी वह्या पाण्याबाहेर येताना पाहिल्या नव्हत्या, त्यांनी ते ऐकलं होतं. रामेश्वरभट्टांची साक्ष शिष्य झाल्यानंतरची आणि तीही आरतीतली. आरती हा पंचनामा नव्हे. उरले तुकोबा. त्यांचं म्हणणं इतकंच, की कागद पाण्यात राखले गेले आणि ते देवाने राखले. यातला पहिला भाग घटनेचा, दुसरा तिच्या अर्थाचा. वह्या कशात गुंडाळल्या होत्या, कुठे आणि किती खोल गेल्या, कुणी काढल्या, किती पानं शाबूत होती, यातलं काही त्या ओळीत नाही. देहूच्या देवळात ‘भिजकी वही’ म्हणून एक वही जपलेली आहे, तिचं नावच सांगतं की परंपरेनेही कागद कोरडा राहिल्याचा हट्ट धरलेला नाही. वह्यांना बांधलेले दगड, देवाने लोकांना दिलेले स्वप्नदृष्टांत, हे सगळं ठसठशीतपणे येतं ते संतचरित्रकार महिपतींनी लिहिलेल्या तुकोबांच्या चरित्रात. आणि महिपती लिहायला बसले तेव्हा तुकोबांना जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. जसजसं घटनेपासून दूर जावं तसतसे तपशील वाढत जातात, हे जगातल्या जवळपास सगळ्याच चमत्कारकथांना लागू आहे.

इथे आमच्या विवेकवादी मित्रांना एक चिमटा काढायलाच हवा. वह्या पाण्यात गेल्याच, पण लोकांना अभंग पाठ होते, म्हणून गाथा ‘लोकगंगेत’ तरली, असं स्पष्टीकरण भाषणांतून नेहमी दिलं जातं. टाळ्याही पडतात. पण तुकोबा ‘कागद’ राखले म्हणतात, लोकांच्या तोंडी राहिले असं म्हणत नाहीत. चमत्कार नको म्हणून आपल्याला आवडेल अशी दुसरी कथा रचली तर तिलाही पुरावा लागतोच. अभ्यासकाने फार तर असं म्हणावं, की वह्या पाण्यात गेल्या, तुकोबांनी उपास धरला, वह्या परत मिळाल्या आणि आसपासच्या माणसांनी ती देवाची कृपा मानली. एवढं बऱ्यापैकी पक्कं. निसर्गाचा नियम त्या दिवशी मोडला की नाही, हे या साधनांवरून ठरत नाही. खुद्द तुकोबांना तरी ते ठरवायची घाई होती का? ‘दाऊं नेणें जडीबुटी, चमत्कार उठाउठी’ असं स्वतःबद्दल सांगणारेही तेच.

चमत्काराची साक्ष कशी तोलायची याचा एक नियम स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी 1748 मध्ये मांडला. मृत माणूस उठून बसला असं कुणी सांगितलं, तर दोन शक्यता समोर ठेवा. एक, तो खरंच उठला. दोन, सांगणारा फसला किंवा फसवतोय. या दोन्हींत जास्त अशक्य कोणती ते पाहा आणि ती टाकून द्या. माणसं फसतात, याचा अनुभव आपल्याला रोज येतो. मेलेली उठतात याचा नाही. म्हणून चमत्कार मान्य करायला लागणारी साक्ष इतकी पक्की हवी, की ती खोटी असणं हाच मोठा चमत्कार ठरावा.

नियम चोख आहे, पण त्यात एक खोच आहे, आणि गंमत म्हणजे ती दाखवायला ह्यूमना एक हिंदुस्थानी राजा लागला. उष्ण प्रदेशात राहणारा हा राजा थंडीने पाणी दगडासारखं घट्ट होतं यावर विश्वास ठेवायला तयार नाही. ह्यूम म्हणतात, राजाचं तर्कशास्त्र बरोबर होतं. असेल, पण निष्कर्ष चुकला ना! बर्फ असतोच. आपल्या अनुभवात नाही म्हणून एखादी साक्ष फेकून दिली, तर जगातल्या नव्या गोष्टी कळायच्या कशा?

विज्ञानाच्या हातूनही नेमकी हीच चूक झालेली आहे. आकाशातून दगड पडतात असं युरोपातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते आणि अठराव्या शतकातले विद्वान त्याला खेडवळांची भाकडकथा म्हणत होते. फ्रान्समधल्या लुसे गावी 1768 मध्ये पडलेला दगड फ्रान्सच्या विज्ञान अकादमीकडे आला, तेव्हा आधुनिक रसायनशास्त्राचे जनक मानले जाणारे लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून निर्वाळा दिला की तो आकाशातून पडलेला नाही. पुढे 26 एप्रिल 1803 रोजी नॉर्मंडीतल्या लेगल गावाच्या परिसरात भरदुपारी स्फोटांचे आवाज झाले आणि दोन-तीन हजार दगडांचा पाऊस पडला. सरकारने ज्याँ-बाप्तिस्त बिओ नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला चौकशीला धाडलं. बिओ गावोगाव हिंडले. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या थरांतल्या माणसांना वेगवेगळं गाठून विचारलं. सापडलेले दगड नकाशावर मांडले तर लंबगोल पट्टा तयार झाला. असे दगड त्या मुलखात आधी कुणी पाहिले होते का, हेही तपासलं. कुणीच पाहिले नव्हते. त्यांच्या अहवालानंतर उल्कापाषाण ही गोष्ट विज्ञानाने मान्य केली.

तेव्हा ‘साध्यासुध्या माणसांची साक्ष विज्ञानाला चालत नाही’ ही तक्रार खरी नाही. बिओंना ती चालली. पण साक्षीच्या जोडीला दगड होते, नकाशा होता आणि ज्याला शंका असेल त्याला लेगलला जाऊन पुन्हा तपासायची मुभा होती. शेतकऱ्यांनी जे पाहिलं त्याची शहानिशा त्यांच्या प्रामाणिकपणावर सोडावी लागली नाही.

प्रामाणिकपणाचा मुद्दा ताणून पाहायचा तर 21 सप्टेंबर 1995 आठवा. त्या दिवशी गणपती दूध प्यायला. पहाटे दिल्लीतून बातमी सुटली आणि दुपारपर्यंत मुंबई-पुण्यापासून लंडनच्या साउथॉलपर्यंत देवळांपुढे रांगा लागल्या. कचेऱ्या ओस पडल्या, दुधाचे भाव चढले. साक्षीदार लाखोंनी होते, त्यांत डॉक्टर होते, इंजिनिअर होते, नास्तिक म्हणवणारेही होते. आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. चमचा सोंडेला लावला की त्यातलं दूध खरोखर कमी होत होतं.

हे घरी करून पाहता येतं. चमचा काठोकाठ भरला की दूध काठाच्या किंचित वर फुगून राहतं. पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या वरच्या थराची आकसून राहण्याची ओढ, त्याला सांडू देत नाही. हा फुगवटा ओल्या दगडाला किंवा धातूला टेकला की दूध त्या पृष्ठभागाकडे ओढलं जातं. एकदा वाट मिळाली की बाकीचं त्याच्या मागोमाग, गुरुत्वाकर्षणाने, पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतं. मूर्ती आधीच दुधापाण्याने ओली असते, संगमरवर पांढरा असतो, त्यामुळे तो थर डोळ्यांना दिसतच नाही. पाहणाऱ्याचं सगळं लक्ष चमच्याकडे असतं. पायथ्याशी साचणाऱ्या दुधाकडे बघतो कोण? केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याची माणसं दिल्लीतल्या एका देवळात गेली आणि त्यांनी दुधात रंग मिसळला. रंगाचा ओघळ मूर्तीवरून खाली येताना सगळ्यांना दिसला. आपण चिमूटभर हळद घातली तरी चालेल. गणपतीच हवा असंही नाही, टेबलावरचा काचेचा पेपरवेटही तितक्याच भक्तिभावाने दूध पितो.

लोकांनी जे पाहिलं ते खरं होतं आणि त्यावरून जे ठरवलं ते चुकीचं. कॅमेरे, टीव्ही, टेलिफोन असलेल्या काळात, भर दिवसा, शहाण्यासुरत्या लाखो माणसांचं असं झालं. मग साडेतीनशे किंवा दोन हजार वर्षांपूर्वीच्या साक्षीदारांना खोटारडे म्हणायची गरज काय? ते अगदी सचोटीची माणसं असूनही त्यांची साक्ष आपल्याला चमत्कारापर्यंत पोचवत नाही. फरक एवढाच की 1995 मध्ये रंग मिसळायला मूर्ती जागेवर होती. इतिहासातल्या घटनेत तसा रंग मिसळता येत नाही. ती एकदाच घडून गेलेली असते.

यावर समोरून येणारा प्रश्न वाजवी आहे. विज्ञानावर तरी का विश्वास ठेवायचा? आपल्यापैकी कुणी इलेक्ट्रॉन पाहिलाय? आपणही शास्त्रज्ञांचा शब्दच प्रमाण मानतो की. शिवाय शास्त्रज्ञ चुकतात, कधीकधी चक्क लबाडी करतात. यातलं सगळं खरं आहे. विज्ञानाची बाजू घेणारे हे कबूल करायला का कचरतात कोण जाणे, कारण खरी मजा तिथेच आहे.

सप्टेंबर 2011 मधली गोष्ट. स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या सर्न प्रयोगशाळेतून न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण जमिनीखालून इटलीतल्या ग्रान सासो डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेकडे सोडले जात होते. अंतर सुमारे 730 किलोमीटर. ‘ऑपेरा’ नावाच्या गटाने त्यांचा वेळ मोजला, तर प्रकाशाला जितका लागला असता त्यापेक्षा 60 नॅनोसेकंद कमी. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले साठ. फरक चिमुकला, पण खरा असता तर आइन्स्टाइनच्या सिद्धांताला सुरुंग लागला असता. हा निष्कर्ष एकदोन कणांवरचा नव्हता, हजारो नोंदींचा होता. म्हणजे साक्षीदार भरपूर, यंत्रं उत्तम, माणसं जगातली निवडक.

त्यांनी काय केलं? आम्ही महिनोन्‌महिने चूक शोधतोय, सापडत नाही, तुम्हीही शोधा, असं जाहीर करून सगळा तपशील जगापुढे मांडला. पुढच्या काही महिन्यांत त्यांनाच चूक सापडली. जीपीएसची वेळ मुख्य घड्याळापर्यंत आणणारी प्रकाशतंतूची एक वायर नीट पिळून बसवलेली नव्हती. त्याच डोंगरातल्या ‘इकारस’ या दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे मोजलं, तेव्हा न्यूट्रिनो प्रकाशाच्या पुढे गेल्याचं काही दिसलं नाही. मार्च 2012 मध्ये ऑपेराच्या म्होरक्यांनी राजीनामे दिले. वायर सैल राहणं ही कुठल्याही कारखान्यात होणारी चूक आहे. पण शेजारच्या गटाला तेच पुन्हा मोजायचा हक्क होता, मोजायची हौस होती आणि ‘ऑपेरा चुकलं’ हे सिद्ध करण्यात त्यांना नाव मिळणार होतं. माझ्या मते विज्ञानाच्या विश्वासार्हतेचं इंगित इथे आहे. शास्त्रज्ञ सत्यवचनी असतात यावर ते उभं नाही. दुसऱ्याची चूक काढणाऱ्याला तिथे मान मिळतो, यावर उभं आहे. कीर्तनात बुवांना मध्येच थांबवून ‘हे कशावरून?’ विचारणाऱ्याला काय मिळतं ते आपण जाणतोच.

ही व्यवस्था नेहमीच इतकी चपळ असते असं मात्र नाही. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता हिमालयातल्या जीवाश्मांवर कित्येक वर्षं शोधनिबंध लिहीत होते. 1989 मध्ये जॉन टॅलंट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवून दिलं, की यातले कित्येक नमुने हिमालयातले नाहीतच, मोरोक्को, अमेरिका अशा ठिकाणच्या जीवाश्मांशी ते हुबेहूब जुळत होते. तोवर शेकडो निबंध छापून झाले होते आणि ते नमुने जिथून उचलल्याचं सांगितलं होतं ती जागा सहलेखकांपैकी अनेकांनी पाहिलेलीच नव्हती. शब्दावर विश्वास ठेवला, दुसरं काय. मानसशास्त्राची अवस्था तर 2015 मध्ये उघडी पडली. नावाजलेल्या नियतकालिकांतले 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर मूळ लेखकांसारखा ठाशीव निकाल फक्त 36 टक्के प्रयोगांत मिळाला.

म्हणून ‘विज्ञानावर विश्वास’ अशी सरसकट गोष्ट नसते. गेल्या आठवड्यातला एकटादुकटा शोधनिबंध आणि दीडशे वर्षं हजार जणांनी पाडायचा प्रयत्न करूनही उभा राहिलेला नियम, यांना एकाच तागडीत घालू नये. पृष्ठताण दुसऱ्या प्रकारचा. कॉफीने आयुष्य वाढतं की घटतं, हे बहुधा पहिल्या प्रकारचं. आणि ‘नासाने सिद्ध केलं, सूर्यातून ॐ ऐकू येतो’ हे कुठल्याच प्रकारचं नाही. ते श्रद्धेला विज्ञानाचा शिक्का मारणं आहे, आणि त्यात श्रद्धेचा मान राहत नाही, विज्ञानाचाही नाही. ज्याला चमत्कार मानायचा त्याने तो श्रद्धा म्हणून खुशाल मानावा. देव आहे की नाही, यावर वरच्या कुठल्याही उदाहरणाने निकाल लागलेला नाही.

जाता जाता आपल्याच मातीतलं एक उदाहरण, कारण बुलढाण्याच्या लोणारला कथा आणि विज्ञान एकाच विवराच्या काठावर नांदतात. विष्णूने लवणासुराला मारलं तिथे हे खाऱ्या पाण्याचं तळं झालं, ही कथा. विज्ञान आधी म्हणालं हा ज्वालामुखीचा प्रताप. मग 1970 च्या दशकात, प्रचंड आघातानेच तयार होणारी काच आणि खडकांतल्या खुणा सापडल्यावर म्हणालं, नाही, उल्काच. पुढे वयाचा घोळ. एका पद्धतीने मोजून उत्तर आलं सुमारे 50 हजार वर्षं. माहितीफलकांवर, पाठ्यपुस्तकांत तेच रुळलं. 2011 मध्ये दुसऱ्या गटाने वितळून घट्ट झालेल्या खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढलं, तर ते थेट 5 लाख 70 हजारांवर गेलं. दहापटीहून जास्त फरक! एवढी मोठी दुरुस्ती झाली म्हणून कुणी विज्ञान सोडलं नाही, जुना आकडा काढणाऱ्यांना कुणी वाळीतही टाकलं नाही. आणि नव्या आकड्यापुढे ज्यांनी तो काढला त्यांनीच छापून ठेवलंय: अधिक-उणे 47 हजार वर्षं.